भेंडीच्या चार ओळी: माझ्या प्रोजेक्टच्या नोंदी (फुरसुंगी, खरीप २०२४)

२१ जून, शुक्रवार

टोकण झाली एकदाची. मामाच्या शेताच्या कडेला साधारण अर्धा गुंठा मिळालाय, तोही "कांदा लावायच्या आत रिकामा करून दे" या अटीवर. चार ओळी, प्रत्येक ओळीत २० जागा, ओळीत ओळ दोन फुटांवर आणि रोपात रोप एक फुटावर. पहिली अर्का अनामिका, दुसरी परभणी क्रांती, तिसरी लाल भेंडी (मैत्रिणीने गच्चीवरच्या झाडाचं बी दिलं, तिलाही नाव माहीत नाही म्हणून ओळीचं नाव नुसतं "लाल"), चौथी गावठी, म्हणजे मामीच्या माहेरची, मुरूडकडची, फिक्या हिरव्या लांब शेंगांची. बी रात्रभर पाण्यात भिजवलं होतं. अनामिका आणि क्रांती दुकानातून पाकीट आणलं, बाकी दोन पुडीतलं.

मामी आज वटपौर्णिमेच्या गडबडीत, दुपारी साडी नेसूनच बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली एका जागी दोन बिया टाक गं, एक टाकून काय होतंय. मी एकेकच टाकली, कारण बी मोजून आणलं होतं. (हे पुढे महागात पडलं.)

२७ जून

उगवण बरी. क्रांती २० पैकी १९, लाल १७, गावठी २० पैकी २०. अनामिका मात्र १६. प्रोजेक्टच्या मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी नुसता अंगठा दाखवला.

२ जुलै

जाता आलं नाही. आज माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघाली, हडपसरपासून दिवे घाटापर्यंत रस्ता वारकऱ्यांचा, धनकवडीहून गाडी घेऊन निघणं म्हणजे वेडेपणा. मामाकडे दरवर्षीसारखं दिंडीला चहा-पोहे होते त्यामुळे तिकडेही भेंडीकडे बघायला कुणाला वेळ नसणार.

१४ जुलै

पानं काढून बघितली. क्रांतीची पानं खोल कापलेली, गावठीची रुंद, हाताच्या पंजाएवढी. लालचे देठ आणि शिरा आत्ताच बीट लागल्यासारख्या. अनामिकाच्या ओळीत आता २० च्या २० रोपं दिसतायत, म्हणजे उरलेली चार उशिरा उगवली वाटतं, लहान आहेत. लिहून ठेवलं: "उशिरा उगवण – ४". पुढे गेले. नोंदवहीत हीच एक ओळ आता लाल पेनने अधोरेखित आहे.

२८ जुलै

गुरुवारी २५ तारखेला जो पाऊस झाला तो सगळ्या पुण्याने बघितला, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत शिरलं. आमच्या चार ओळी सरीत पाणी साचून दोन दिवस उभ्या होत्या. लालची दोन रोपं गेली. बाकी जगली. कात्रज-कोंढवा रोडबद्दल काही लिहीत नाही, हा भेंडीचा प्रोजेक्ट आहे.

४ ऑगस्ट, रविवार

पहिलं फूल आलं आणि मला दिसलं नाही. सकाळी उशिरा उठले, पोचेपर्यंत साडेबारा, अनामिकाच्या तीन रोपांवर फुलं होती पण मिटून, पीळ घातलेल्या ओल्या कागदासारखी. पुस्तकात हजार वेळा वाचलंय की भेंडीचं फूल सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान उमलतं आणि दुपारी मिटतं, दुसऱ्या दिवशी गळतं, आयुष्यच एका सकाळचं, तरी आपलं मी रविवार आहे म्हणून झोपले.

मामा म्हणाला, "फूल बघायला आलीस की फुलाला मयतीला?"

५ ऑगस्ट

रात्री मामाकडेच राहिले. सहा चाळीसला ओळीत. कळ्या ज्या आज उमलणार त्या ओळखायला येतात, काल संध्याकाळी हिरव्या टोपीच्या बाहेर पिवळं टोक डोकावत होतं त्याच. एका कळीसमोर पाटावर बसले. पाकळ्या एकमेकींवर गुंडाळलेल्या असतात, एकीची कड दुसरीच्या खाली, छत्री बंद केल्यासारख्या. सात वाजून पाच मिनिटांनी पीळ सैल झाला, साडेसातपर्यंत पूर्ण वाटी. लिंबू पिवळा रंग, पाच पाकळ्या, आत तळाला गडद जांभळट लाल डाग, इतका गडद की लांबून भोक वाटतं. मधे पांढरट नळी आणि तिच्यावर चहूबाजूंनी परागकोष चिकटलेले, ते अजून बंद. सात पन्नासच्या सुमारास फुटायला लागले आणि नळीवर रवा सांडल्यासारखं दिसलं. नळीच्या टोकाला कुक्षी (परागकण जिथे चिकटतात तो भाग), गडद लाल, मखमली, तिचे छोटे गोळे गोळे. ते मोजता येतात हे तेव्हा लक्षात आलं. पाच होते.

परागकोष कुक्षीच्या इतके जवळ असतात की फूल स्वतःचंच काम स्वतः उरकतं. पण आठ वाजता भुंगा आला, काळा मोठा, आणि पाठीवर परागकण घेऊन तिसऱ्या ओळीकडे गेला. त्याला ओळी कळत नाहीत.

६ ऑगस्ट

काल उमललेलं फूल आज गळताना बघितलं. बोटाने हलवलं तर अख्खं सुटलं, पाकळ्या, परागकोषांची नळी आणि हिरवी टोपी सगळं एकत्र, मोजा काढल्यासारखं. खाली राहिली बोटाच्या पेराएवढी हिरवी भेंडी. टोपी एका बाजूने चिरते आणि पाकळ्यांबरोबर पडून जाते, जास्वंदात तसं होत नाही, तिथे टोपी देठाशी टिकते. लिनियसने भेंडीला जास्वंदाच्या हिबिस्कसमध्ये घातलं होतं आणि नंतर मोएंख या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये तिला ॲबेलमॉस्कस असं वेगळं केलं, त्यात या टोपीचा मोठा हात. जास्वंद, कापूस, अंबाडी, भेंडी सगळी एकाच कुळातली भावकी आणि ही त्यातली वेगळी राहायला गेलेली.

८ ऑगस्ट

आजची गोष्ट मोठी आहे माझ्यासाठी. मॅडमनी वाणांच्या वेगळेपणाच्या चाचणीचा तक्ता दिला होता (२००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नवीन जात नोंदवायची तर ही लक्षणं भरावी लागतात), त्यात फुलाला एक रकाना आहे, पाकळीच्या तळाचा डाग फक्त आतून की दोन्ही बाजूंनी. मी हा रकाना आधी दुर्लक्षच केला होता कारण फूल समोरून बघतो आपण, मागून कोण बघतं. आज वाकून, फुलाची मान धरून मागून बघितलं. अनामिकाच्या फुलाला मागच्या बाजूलाही डाग. अनामिका काढणाऱ्या बेंगळुरूच्या संस्थेने दिलेल्या वर्णनातही हेच लिहिलंय, तळाचा जांभळा रंग दोन्ही बाजूंनी. १६ रोपांवर बघितलं, १६ ला तसंच.

फळाचे रकाने त्या मानाने सोपे वाटले होते, लांबी, रंग, शिरा किती, शिरांमधली बाजू खोलगट की सपाट की फुगीर, देठाजवळ गळा आवळलेला आहे का, टोक निमुळतं की बोथट, लव किती. सोपे नाहीत. फळ रोज बदलतं, कालची निमुळती आज बोथट होते. फुलाचा डाग कमी जास्त होत नाही.

११ ऑगस्ट

गावठीचं पहिलं फूल. डाग आतून, मागे नुसता पिवळा. आणि कुक्षीचे गोळे सात! दुसऱ्या फुलात आठ. इथे माझं डोकं चाललं की भेंडीला जितके गोळे तितके आतले कप्पे आणि जितके कप्पे तितक्या बाहेरच्या शिरा, म्हणजे फूल उमलल्या सकाळीच शिरांचा अंदाज बांधता यायला पाहिजे. प्रत्येक फुलाच्या देठाला धागा आणि चिठ्ठी बांधायला सुरुवात केली: तारीख, ओळ, गोळे किती. मामीच्या शिवणकामाच्या डब्यातून पांढरा, निळा, लाल धागा. आई विचारते ही कसली राखी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन चुकवून शेतात. चिठ्ठीवाल्या ११ भेंड्या मोजल्या. अनामिका आणि क्रांती पाच गोळे पाच शिरा. गावठीत सात ते आठ गोळे, शिराही तितक्याच. एका अनामिकाच्या अगदी खालच्या फुलात सहा होते, फळाला सहा. मंडईत आपण भेंडीचं टोक मोडून बघतो आणि विकणारी बाई ओरडते "मोडू नका ताई", त्या मोडलेल्या टोकाशी जो चांदणीसारखा काप दिसतो ना, त्यात पण शिरा मोजता येतात, पण त्यासाठी ओरडा खावा लागतो.

गोव्याची ती लांब भेंडी, सातशिरो भेणो म्हणतात, नावातच शिरा मोजलेल्या आहेत. आपल्याकडे नुसतं "गावठी" म्हणून सोडून देतात.

१८ ऑगस्ट

एक फळ रोज मोजायचं ठरवलं होतं पण दररोज जाणं शक्य नाही, मामाचा मुलगा पट्टी घेऊन मोजतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो, कधी सेंमीत कधी इंचात. क्रांती सहाव्या दिवशी ९ सेंमी, गुळगुळीत, गडद. दहाव्या दिवशी नख लागत नव्हतं, निबर. गावठी सहाव्या दिवशी ११, दहाव्या दिवशी १९ आणि तरीही टोक कटकन मोडलं. म्हणून मामीचा तिच्यावर जीव, एक दिवस तोडा चुकला तरी फुकट जात नाही. तिची लव मात्र बोचते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तरी मनगटाला खाज, घरी जाऊन खोबरेल तेल.

मामा सांगत होता, त्याच्या लहानपणी आजोबा पुसा सावनी लावायचे. दिल्लीच्या संस्थेची जात, १९६० च्या आसपास आली तेव्हा केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) दाद देत नव्हती म्हणून सगळ्यांनी घेतली आणि मग काही वर्षांत तीच केवड्याने पिवळी व्हायला लागली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने मग सावनीचाच रानटी नातेवाइकाशी संकर करून, पुन्हा पुन्हा सावनीकडे वळवून क्रांती काढली, १९८५ मध्ये. मामा म्हणतो आमच्यासाठी खरंच क्रांती होती ती, मग हसतो.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

संताप. अनामिकाच्या ओळीतली ती उशिराची चार रोपं आज फुलली, म्हणजे त्यातली दोन. मागून बघितलं. डाग नाही. मागे नुसता पिवळा. कुक्षीचे गोळे एकात सात, एकात आठ. रोपं पण बाकीच्यांपेक्षा वेगळी, पानं रुंद, हे आत्ता दिसतंय, जुलैत दिसलं असतं.

पाकिटावर मोठ्या अक्षरात शुद्धता ९९ टक्के लिहिलंय आणि माझ्या २० रोपांत ४ परकी. दुकानाला फोन लावला, म्हटलं बी भेसळीचं आहे, त्यांनी विचारलं पावती आहे का, मी म्हटलं आहे, मी म्हटलं मी विद्यार्थिनी आहे म्हणून काहीही द्याल का, जरा आवाज चढला माझा. ते म्हणाले घेऊन या पाकीट. तक्रारीचं पत्र पण टाइप करून ठेवलं रात्री. फुलांचे मागून काढलेले सहा फोटो जोडले.

२५ ऑगस्ट

मॅडमशी बोलले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ती चार रोपं उपटू नकोस आणि आकड्यातून गुपचूप काढूही नकोस, वेगळी लिही. दोन, भेंडी स्वपरागित वाटली तरी परपरागण ४ ते १९ टक्क्यांपर्यंत होतं, काही ठिकाणी ४२ टक्क्यांपर्यंत नोंदवलंय, त्यामुळे बियाणं बनवणाऱ्याकडेच सरमिसळ झाली असेल तर ती अशी दिसणार नाही, अर्धी इकडची अर्धी तिकडची दिसेल. तुझी चार रोपं तर पूर्ण दुसरीच आहेत, बघ बरं कोणासारखी.

मी म्हटलं बघते. खरं म्हणजे पत्राची प्रिंट काढायला निघाले होते.

१ सप्टेंबर

अनामिकाच्या एका रोपाच्या पानांवर शिरा पिवळ्या, जाळीसारख्या, मधला भाग अजून हिरवा. केवडा. पानाच्या खाली पांढरी माशी, हात लावला की धूर उडाल्यासारखी उडते. रोप उपटून पिशवीत घालून लांब नेलं. या रोगाची पहिली नोंद कुलकर्णींनी केली, १९२४ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून. म्हणजे यंदा बरोबर शंभर वर्षं. केक नाही आणला.

८ सप्टेंबर, रविवार (ऋषिपंचमी)

काल गणपती बसले, आज मामीकडे ऋषीची भाजी. आजीचा नियम, बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही. मामा म्हणाला ट्रॅक्टरने नांगरलंय, बैल कुठाय आता, आजी म्हणाली मग चालतंय. अळू, माठ, सुरण, भोपळा, मक्याचं कणीस घरात होतं, भेंडी तोडायला मामी आणि मी गेलो.

मामी गावठीच्या ओळीतून चार-पाच तोडून सरळ अनामिकाच्या ओळीत गेली आणि बरोबर त्या चार रोपांपाशी थांबली. मी म्हटलं ती नका तोडू मामी, ती भेसळ आहे.

"कसली भेसळ? माझी आहेत ती."

"तुमची म्हणजे?"

"अगं चार जागा उगवल्या नव्हत्या तुझ्या. पालखी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नांग्या भरल्या मी. माझ्याकडं गावठीचंच बी उरलेलं. ओळ मोकळी बरी दिसते का?"

मी तिथेच बांधावर बसले. पालखी २ जुलैला गेली, म्हणजे तिने ३ जुलैला बी टाकलं. मी गावठी टाकलं २१ जूनला. बारा दिवसांचं अंतर. गावठीच्या ओळीत पहिलं फूल ११ ऑगस्टला, या चारात २३ ऑगस्टला. बारा दिवस. सगळं माझ्याच वहीत लिहिलेलं होतं, दोन वेगवेगळ्या पानांवर.

मामीला सांगितलं नाही की मी दुकानदाराशी भांडले. मग जेवताना सांगितलं. आजीला ठसका लागला हसून.

९ सप्टेंबर

दुकानात गेले. पावती, पाकीट काही नेलं नाही, मोदक नेले. ते काका म्हणाले, "नांग्या भरल्या असतील असं मी फोनवर म्हणणारच होतो, तुम्ही बोलू दिलं नाही." चार जागा का उगवल्या नाहीत ते विचारलं तर म्हणाले बी भिजवून निथळून लगेच टाकलं का तासभर उन्हात ठेवलं. उन्हात ठेवलं होतं.

२२ सप्टेंबर

आता बियाण्याचं. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींमध्ये २०० मीटर अंतर लागतं, माझ्या ओळी दोन फुटांवर आणि एका ओळीत तर शेजारी शेजारी. तेव्हा पिशव्याच. संध्याकाळी उद्याची कळी हेरायची आणि तिला पिशवी घालून दोरा आवळायचा, सकाळी भुंगा फिरला तरी आत जात नाही, फूल मिटलं की पिशवी काढायची आणि धागा बांधायचा. बटर पेपरच्या पिशव्या पावसात लगदा झाल्या. मग आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिळालेल्या जाळीच्या पोटल्या काढून दिल्या, सोनेरी नाडीच्या. मस्त चालतात. लांबून बघितलं तर शेतात लग्नाचं वाण वाटप चाललंय असं वाटतं.

लालच्या बाबतीत मामीची निराशा झाली. पाकळ्यांच्या शिरा लालसर, डाग काळपट, फळ वांग्यासारखं चकचकीत मरून, तिने हौसेने भाजी टाकली आणि दहा मिनिटांत कढईत साधी हिरवी भेंडी. तो लाल रंग अँथोसायनिनचा, सालीत वरवर असतो, उष्णतेने मोडतो आणि पाण्यात उतरतो, खाली हिरवं असतंच. "मग कशाला लाल?" या प्रश्नाला मी काकडीसारखी कच्ची कापून खा असं उत्तर दिलं, तिने दिलेला चेहरा नोंदवहीत मावत नाही. बुळबुळीतपणा दोन्हीत सारखाच.

२० ऑक्टोबर

शेवटची फेरी, मामाला कांद्याला जागा पाहिजे. पिशवी घातलेल्या शेंगा साधारण महिन्याभरात वाळल्या. शेंग वाळली की शिरांवरच उकलते, पाचाची पाच फाकांत, गावठीची सात-आठ फाकांत, उकललेली गावठी वरून चाकासारखी दिसते. आत करडी हिरवट गोल बी, प्रत्येक कप्प्यात एक रांग. क्रांतीच्या एका शेंगेत ५१ निघाल्या, गावठीच्या एकीत ८३, सांडलेल्या धरल्या नाहीत.

मॅडमनी तक्ता बघितला. अनामिका, रोपं १६, एक केवड्याने काढलं. खाली तळटीप: "याच ओळीतील ४ रोपे गावठी, ३ जुलै रोजी नांग्या भरलेल्या." त्यांनी विचारलं कशावरून ओळखलं. मी सांगितलं फुलाच्या मागच्या डागावरून, कुक्षीच्या गोळ्यांवरून. मग खरं ते पण सांगितलं, मामीवरून.

बी पुड्यांत भरलं. तीन ओळींच्या पुड्यांवर मी मार्करने नाव, तारीख, ओळ क्रमांक लिहिला. गावठीची पुडी मामीने माझ्या हातातून घेतली आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलं, "आपली भेंडी", आणि तांदळाच्या डब्यात टाकली.